केरसुणी कोणाच्या हातात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रायझरएफएस ही डिस्कवर फाइल्स मांडण्याची जुनी पद्धत (फाइल सिस्टिम) लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, हटवली गेली. त्याविषयीच्या माझ्या लेखावरील, असा जुना कोड झाडून टाकण्यास आक्षेप घेणारी आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीत दाखवलेली एक चूक आधीच मान्य करतो. एक्स्ट ३ ही दुसरी फाइल सिस्टिम 'काढून टाकली' असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात २०१५ मध्ये लिनक्स ४.३ मधून तिचा स्वतंत्र ड्रायव्हर (ती वाचणारा कोड) तेवढा गेला आणि एक्स्ट ३ च्या डिस्क तिच्या पुढच्या पिढीचा, एक्स्ट ४ चा, ड्रायव्हर आजही वाचतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

मात्र 'केरसुणी हातात आली की उपऱ्यालाही घर आपलेच वाटू लागते' या आपल्या वाक्याला दुरुस्ती पुरणार नाही. उपरा म्हणजे मीच, हे उघड आहे. तेव्हा सांगणे भाग पडते, की डिस्क तपासणाऱ्या एका साधनसंचाला मी गेली नऊ वर्षे, नोकरी सांभाळून, पॅच (कोडमधील बदल) पाठवत आहे. कुठूनही वापरली न जाणारी चार फंक्शन्स (कोडचे तुकडे) काढणारा माझा पहिला पॅच तीनदा परत आला. अशा वेळी कंपायलरच्या (कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या) इशाऱ्यावर विसंबता येत नाही. तो इशारा देतो तो बहुधा एकाच फाइलपुरत्या फंक्शन्सबद्दल, आणि तोही त्या वेळी निवडलेल्या पर्यायांपुरताच. दुसरा पर्याय चालू केला की तेच फंक्शन कामाला लागलेले दिसते. म्हणून मी सगळे पर्याय आलटूनपालटून बिल्ड केले, आणि चारांपैकी एक फंक्शन मुकाट्याने परत ठेवले. केरसुणी अशी चालते. ती आपण कधी हातात धरली आहे का, हे मी विचारणार नव्हतो. पण आपणच विषय काढलात.

शिवाय रायझरएफएसच्या बाबतीत निर्णय घरच्यांचाच, म्हणजे कर्नल लिहिणाऱ्यांचाच होता. २०२२ मध्ये, कर्नलच्या ५.१८ या आवृत्तीत, ती कालबाह्य ठरवली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये ६.१३ मधून हटवली. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक मुदत मिळाली. कर्नलमधील सामायिक इंटरफेस (सगळ्या फाइल सिस्टिम्स वापरतात तो जोडणीचा कोड) बदलणाऱ्या प्रत्येकाला, जो कोड कोणी नीट तपासत नाही त्यालाही हात लावावा लागे आणि तो चालतो असे गृहीत धरावे लागे. याला आपण 'वारसा जपणे' म्हणता. मी म्हणत नाही.

जुन्या डिस्क कोण वाचणार, हा आपला प्रश्न ६.१२ ही रायझरएफएस असलेली, दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती तूर्त सोडवते. लिबएक्स्ट२एफएससारख्या लायब्ररीतील (इतर प्रोग्रामांनी वापरायच्या कोडसंग्रहातील) फंक्शन साधनसंचात कोणी वापरत नसले, तरी डिस्कची प्रत काढणाऱ्या पार्टक्लोनसारखे बाहेरचे प्रोग्राम त्या लायब्ररीवर उभे असतात, हा मुद्दा मला ठाऊक आहे. त्याचा येथे विस्तार करत नाही.

पुढे लिहिताना नेमक्या कोणत्या कमिटबद्दल (नोंदवलेल्या बदलाबद्दल) तक्रार आहे ते कळवावे. 'तुमच्यासारखे लोक' या शब्दांनी सुरू होणारी प्रतिक्रिया मात्र मी प्रसिद्ध करणार नाही.