तेरा बुटके आणि एक बाबा

मुलांना रात्री गोष्ट वाचून दाखवली की ती लवकर झोपतात, असे ज्याने प्रथम सांगितले, त्याने बहुधा ससा आणि कासवापुढे मजल मारली नसावी. मी मात्र कॉलेजात असताना हौसेने घेतलेल्या आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकांमधून टॉल्कीन या इंग्रज लेखकाचे 1937 सालचे 'द हॉबिट' काढले आणि आमच्या आठ वर्षांच्या कन्येला ते इंग्रजी झेपणार नाही म्हणून वाचता वाचताच मराठी करून सांगण्याचे अंगावर घेतले.

पहिल्याच प्रकरणात बिल्बो नावाच्या घरकोंबड्या हॉबिटच्या (म्हणजे टॉल्कीनने कल्पिलेल्या एका ठेंगण्या जमातीतल्या जीवाच्या) दारात एकामागून एक तेरा बुटके येऊन थडकतात आणि खायला मागतात. गौरीजेवणाला ऐन वेळी पाने वाढली की घरच्या बाईचे जे होते, तेच त्या बिचाऱ्याचे होते; त्यामुळे प्रसंग समजावून सांगण्यात अडचण आली नाही. अडचण नावांची होती. ड्वालिन, बालिन, किली, फिली, डोरी, नोरी, ओरी, ओइन, ग्लोइन, बिफूर, बोफूर, बोम्बूर आणि थोरिन! उत्साहाच्या भरात मी प्रत्येकाला वेगळा आवाज द्यायला निघालो आणि सातव्या बुटक्यापाशी माझ्याजवळचा साठा संपला. पुढच्यांना मी सर्दी, खोकला आणि तोतरेपणा वाटून दिला. दुसऱ्या रात्री कोणाला काय दिले, हे अर्थातच माझ्या लक्षात नव्हते.

"बाबा, ग्लोइनचा खोकला कुठे गेला?"

"बरा झाला."

"एका रात्रीत?"

खुद्द टॉल्कीनही या जाचातून सुटला नव्हता, एवढाच काय तो दिलासा. तो मुलांना ही गोष्ट सांगत असताना त्याचा मुलगा ख्रिस्तोफर मध्येच तक्रार करी, की मागच्या वेळी बिल्बोचे दार निळे होते आणि आज ते हिरवे कसे. तेव्हा बाप पुटपुटत उठून टिपण करायला गेला म्हणतात. मीही आता उशाशी वही ठेवतो. तिच्यात 'ग्लोइन – कोरडा खोकला' अशा नोंदी असल्यामुळे ती पाहून माझ्या आईने एकदा काळजीने चौकशी केली होती.

भाषांतराचा एकच प्रयत्न मला खरोखर साधला आणि तोच अंगाशी आला. गॉलम नावाचा तो काळोखातला किडमिडा प्राणी आपल्या हरवलेल्या अंगठीला 'प्रेशस' म्हणून आळवतो, त्याचे मी 'माझं सोनं गं ते' असे केले. अंगठी सोन्याची, त्यामुळे मी स्वतःवरच खूश झालो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलेल्या नातीला आजीने सवयीने "आलं का माझं सोनं!" म्हणून जवळ घेतले, तर नात किंचाळून टेबलाखाली शिरली.

त्यानंतर त्याच गोष्टीचा पुढचा भाग असलेले टॉल्कीनचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सुरू झाले. 1954-55 मध्ये तीन खंडांत निघालेल्या या ग्रंथात एल्रॉन्ड नावाच्या एल्फ सरदाराच्या घरची जी सभा आहे, ती सोसायटीच्या वार्षिक सभेइतकीच लांबते आणि तीत प्रत्येकाला मूळपासून बोलायचे असते. मी दोन पाने हळूच एकदम उलटली, तेव्हा "ते निळ्या डोक्याचं भाषण झालंच नाही" असा आक्षेप आला. निळे डोके म्हणजे पानाच्या कोपऱ्यावरचा शाईचा डाग. या सभेत गिमली नावाचा बुटका हजर असतो. तो ग्लोइनचा मुलगा आहे असे कळताच खोकला वारसाहक्काने त्याच्याकडे गेला.

खरी आपत्ती मोरिया नावाच्या डोंगराखालच्या भुयारी नगरीतल्या पुलावर ओढवली. गँडाल्फ हा म्हातारा जादूगार दरीत कोसळला, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, आणि कन्येने असा टाहो फोडला की तिची आई धावत आली. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिले, त्यावरून त्या म्हाताऱ्याला मीच ढकलले असावे. मी घाईघाईने सांगून टाकले, "अगं, तो परत येतो!"

"कितव्या पानावर?"

हे मला ठाऊक नव्हते. कॉलेजात मी नेमका इथेच थांबलो होतो. तो परत येतो, हे नुसते ऐकून होतो. "उद्या दाखवतो," म्हटल्यावर ती दोन मिनिटांत घोरू लागली आणि मी दुसरा खंड घेऊन हॉलमध्ये जाऊन बसलो. मध्ये तब्बल नऊ प्रकरणे गेल्यावर तो पांढऱ्या वस्त्रांत एकदाचा भेटला. रात्री पावणेदोनला बायको पाणी प्यायला उठली, तेव्हा मी कोणीही ऐकत नसताना गिमलीचे वाक्य खोकत खोकत वाचत होतो.