‘कंपनीनेच सांगितलं होतं, साहेब!’

ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये कॉम्प्युटरचं दुकान टाकलंय? मग गिऱ्हाइकाने फसवणुकीची तक्रार केली, तरी वकिलावर पैसे घालवू नका. तुमचा बचाव तयार आहे: ‘खोक्यावर होतं, तेच सांगितलं.’

सुरुवात २ टीबीच्या स्वस्त पेनड्राइव्हने करा. आत चिप ३२ जीबीची असली, तरी ड्राइव्हमधला कंट्रोलर (चिपचा कारभार पाहणारा भाग) विंडोजला बिनदिक्कत २ टीबी सांगतो. ३२ जीबी भरले की नव्या फायली जुन्यांच्या उरावर बसतात. एच२टेस्टडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचतं आणि थाप पकडतं. ते दुकानात शिरू देऊ नका. (अस्सल १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतात, तो दशमान-द्विमानाचा हिशेब: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. पण खरं कारण सांगून सवय कशाला बिघडवा!)

‘मला खरंच वाटलं होतं’ हे तर आवर्जून म्हणा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १८ नेमकं हेच सांगतं: पुरेशा माहितीशिवाय, खरं मानून, ठासून केलेलं चुकीचं विधान म्हणजे मिथ्या निवेदन. तुम्ही बचाव मांडलात की समोरच्या वकिलाचं निम्मं काम झालं. कंपनीचं तारखेसह माहितीपत्रक जवळ असतं, तर थोडा आधार मिळाला असता. म्हणून ते रद्दीत द्या.

मग बिलावर पेनाने लिहा, ‘गॅरंटी आमची’. उद्या तुम्ही विकलेल्या अ‍ॅडॅप्टरने गिऱ्हाइकाचा लॅपटॉप जाळला, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८६ ही स्वतंत्र हमी तुमच्याच गळ्यात बांधतं. वितरकाचं बिल जपू नका. उत्पादक कोण हेच कळलं नाही, तर त्याच कलमाने जबाबदारी दुकानदाराकडे येते.

गिऱ्हाइकाच्या बिलावर जीएसटी नंबर दिसला? ‘हा तर व्यापारी, ग्राहकच नव्हे’ म्हणून गर्जा. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायदा ग्राहकाचीच मानतो, पण गर्जना छान होते. तो नागपूरला राहायला गेला तर पेढे वाटा. नव्या कायद्याने तो तिथूनच तक्रार करू शकतो.

ग्राहक आयोगाची नोटीस आली की काउंटरखाली सरकवा. उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केलंय. तेव्हा ४६व्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हजर व्हा आणि सांगा, ‘कंपनीनेच सांगितलं होतं, साहेब!’ कंपनीला पक्षकार करायचं राहून गेलंय, हे तिथेच कळेल.