वकील कशाला? ओळख आहे ना!

अमेरिकेच्या संघीय सरकारशी धंदा करायचे आपण ठरवले आहे, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. व्हर्जिनियात किंवा न्यू जर्सीत दहा-वीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या मराठी गृहस्थाला एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचा मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. शिवाय हे गिऱ्हाईक प्रेमळ आहे. १९५३ च्या स्मॉल बिझनेस ॲक्टपासून ते लहान उद्योगांवर कायद्याने प्रेम करत आले आहे, आणि मुख्य कंत्राटांच्या एकूण रकमेपैकी २३ टक्के रक्कम लहान कंपन्यांकडे जावी, असे उद्दिष्ट त्याने स्वतःपुढे ठेवले आहे. लहान म्हणजे किती लहान, ही शंकाही मनात आणू नये. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या कंपनीची पाच वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल ३ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत असली, तरी सरकारच्या हिशेबी ती लहानच असते. रुपयांत अडीचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या माणसाला इचलकरंजीत कोणी तोंडावर लहान म्हणून दाखवावे.

आता काही मंडळी आपल्याला सांगतील की आधी फेडरल ॲक्विझिशन रेग्युलेशन, म्हणजे सरकारी खरेदीचे नियम, वाचा. ही मंडळी आपली हितचिंतक नव्हेत. १९८४ पासून अमलात असलेली ही नियमावली त्रेपन्न भागांची आणि सुमारे दोन हजार पानांची आहे, मोठ्या खात्यांच्या पुरवण्या निराळ्या, आणि त्यातच एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने ती नव्याने लिहायला घेतली गेली. जुनी वाचावी तर ती जाणार, आणि नवी वाचावी तर ती पक्की व्हायची आहे. अशा वेळी शहाण्या माणसाने काहीच वाचू नये, हे उघड आहे. राज्याराज्यांत ॲपेक्स ॲक्सिलरेटर नावाची केंद्रे आहेत, आणि तेथे लहान कंपन्यांना सरकारी कंत्राटांचे मार्गदर्शन फुकट मिळते. जे फुकट मिळते त्याला किंमत नसते, एवढे आपल्याला कळते. म्हणून तिकडे फिरकू नये, आणि सॅम या सरकारी कंत्राटदारांच्या सरकारी यादीत नाव घालताच घरी येऊ लागणाऱ्या, सरकारी मुद्रेसारखे काहीतरी छापलेल्या खासगी पत्रांवर मात्र पूर्ण विश्वास ठेवावा. ती नोंदणी मुळात विनामूल्य आहे. पण काही शे डॉलर ‘शुल्क’ भरल्याशिवाय आपल्याला काम झाल्यासारखे वाटत नाही, हे त्या पत्रलेखकांनी अचूक ओळखलेले आहे. ते पैसे भरून झाले की नोंदणीचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते, ही क्षुल्लक बाब विसरून जावी.

संघीय कंत्राटात खरा आधार तोंडी शब्दाचा असतो. ‘तुम्ही काम सुरू करा, कागद मागाहून येतील,’ असे प्रोग्रॅम मॅनेजरने हसतमुखाने म्हटले, की त्याच दिवशी चार माणसे कामाला लावावीत. कंत्राटाच्या अटी बदलण्याचा अधिकार फक्त कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला असतो, त्याच्याही अधिकाराला लेखी मर्यादा असते, आणि रोज आपल्याबरोबर बैठकीला बसणारा सीओआर, म्हणजे त्या ऑफिसरचा प्रतिनिधी, हा केवळ देखरेखीसाठी नेमलेला असतो, असे पुस्तकी लोक म्हणतात. त्यांना १९४५ सालचे आयडाहोतले मेरिल बंधू आठवत असतात. या शेतकरी भावांनी ४६० एकरांवर वसंती गहू घेतला होता. त्यातले ४०० एकर हे आधीच्या हिवाळी गव्हाच्या जागी पुन्हा पेरलेले आहेत, हे त्यांनी सरकारी पीकविमा महामंडळाच्या स्थानिक समितीला अर्ज करतानाच सांगितले, आणि सगळ्या पिकाला विमा लागू आहे, असे समितीने त्यांना निःशंकपणे कळवले. उन्हाळ्यात अवर्षणाने पीक गेले. मग महामंडळाच्या ध्यानात आले की पुनर्पेरणीच्या गव्हाला विमा नाही, असा नियम फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे त्यांच्या राजपत्रात, छापलेला आहे. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सरकारशी व्यवहार करणाऱ्याने समोरच्या माणसाला तो शब्द देण्याचा अधिकार आहे की नाही हे स्वतः तपासायचे असते, आणि तसे न करण्याचा धोका त्याचा त्यानेच सोसायचा असतो. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी विरोधी मतात लिहिले की ते जाडजूड आणि नीरस प्रकाशन वाचत बसणाऱ्या शेतकऱ्याला पीकविम्याची गरजच पडणार नाही, कारण त्याला पेरायला वेळच उरणार नाही. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला, म्हणजे एका मताने हुकला. ते एक मत आपल्या खटल्यात आपल्या बाजूला येईल, अशी आशा बाळगायला आज काही खर्च येत नाही. खर्च येतो तो त्या चार माणसांच्या पगाराचा, आणि तो तर आपण केलेलाच असतो.

बोललेले धरत नाहीत, तर निदान लिहिलेले तेवढेच धरतील, अशा समजुतीने आपण कंत्राट बारकाईने वाचायला बसाल, तर तो कष्टही घेऊ नये. लुइझियानातील फोर्ट पोल्क या लष्करी तळावर दोन हजार घरे बांधण्याचे कंत्राट दिल्यावर लष्कराने तो तळच बंद करायचे ठरवले आणि कंत्राट मोडले. सरकारला आपल्या सोयीने कंत्राट मोडता येईल, असे कलम त्या कंत्राटात कोठेही नव्हते, म्हणून कंत्राटदाराच्या बाजूने बुडालेल्या अपेक्षित नफ्याची मागणी झाली. १९६३ मध्ये कोर्ट ऑफ क्लेम्सने सांगितले की नियमांप्रमाणे असे कलम घालणे बंधनकारक होते, तेव्हा ते लिहायचे राहून गेले असले तरी ते लिहिलेलेच आहे असे समजावे. त्या खटल्यातील वादीच्या नावावरून पडलेल्या ख्रिश्चन डॉक्ट्रिन या नावाने हे तत्त्व आजही चालू आहे. सारांश इतकाच की अधिकाऱ्याने दिलेला शब्द कंत्राटात नाही म्हणून तो नाहीच, आणि सरकारला हवे असलेले कलम कंत्राटात नाही, तरी ते आहेच. हे एकदा पटले की वाचनाचा आग्रह धरणाऱ्यांचे आपोआप हसू येऊ लागते.

मोठ्या कंपनीने आपल्याला ‘सब’, म्हणजे उपकंत्राटदार, म्हणून बरोबर घेतले, आपल्या अनुभवाची पाने प्रपोझलमध्ये जोडली, आणि कंत्राट मिळाल्यावर कामाच्या वाटणीबद्दल ‘सद्भावनेने वाटाघाटी’ करण्याचा टीमिंग ॲग्रीमेंट केला, की आपले काम फत्ते. त्यात टक्का, दर आणि कामाची व्याप्ती लिहून घेण्याचा आग्रह धरणे असभ्यपणाचे दिसते. पुढे करार करू, एवढाच करार असेल तर तो न्यायालयातून बजावून घेता येत नाही, असे व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे; पण सज्जन माणसे न्यायालयात जातातच कशाला?

कंपनीची मालकी हा विषय आपल्याकडे घरातच मिटतो, आणि तो तसाच मिटवावा. महिलांच्या कंपन्यांसाठी राखीव कंत्राटे असतात, म्हणून ५१ टक्के मालकी सौभाग्यवतींच्या नावे करावी. दैनंदिन कारभार आणि दूरगामी निर्णय प्रत्यक्षात त्यांच्या हाती असावे लागतात, या अटीची पूर्तता त्यांच्याकडून महिन्यातून एकदा सह्या घेऊन करता येईल, असे मानावे. स्वतःसाठी एट-ए ही, वंचितांच्या लहान कंपन्यांना सरकारी कंत्राटांत मदत करणारी, नऊ वर्षांची योजना आहे. भारतीय उपखंडातून आलेल्या नागरिकाला सामाजिकदृष्ट्या वंचित मानण्याचे गृहीतक तिच्यात होते, ते जुलै २०२३ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने रोखले. तेव्हापासून आपल्या वंचितपणाची हकीकत ज्याची त्याने पुराव्यानिशी लिहून द्यायची असते. बे एरियातील दुसऱ्या घराचे भाडे वेळेवर न येणे, हा प्रसंग तीत आवर्जून घालावा. राहते घर, कंपनीतील हिस्सा आणि निवृत्तीचे खाते सोडून निव्वळ मालमत्ता साडेआठ लाख डॉलरच्या आत असावी लागते, तेव्हा वरचे पैसे अर्जाच्या आदल्या आठवड्यात मुलाच्या नावे करावेत. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत जवळच्या नातलगांना दिलेली मालमत्ता सहसा आपलीच धरली जाते, हे ज्याने नियमात लिहिले, त्याने आपली एकत्र कुटुंबे पाहिली असावीत, असा माझा संशय आहे.

त्याचीच साक्ष भावाच्या बाबतीत पटते. पुण्यात धाकट्या भावाची दोनशे माणसांची कंपनी आहे, दोघे एकमेकांची माणसे, पैसा आणि संगणक बिनदिक्कत वापरतात, आणि यात वावगे काय, असे आपल्याला मनापासून वाटते. पती-पत्नी, आईवडील, मुले आणि सख्खी भावंडे यांच्या कंपन्यांमध्ये अशी देवघेव असेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्या एकमेकींशी संलग्न मानल्या जातात, आणि संलग्न कंपनी परदेशात असली तरी तिची उलाढाल आपल्या उलाढालीत मिळवली जाते. म्हणजे पुण्याच्या पैशाने आपण व्हर्जिनियात मोठे ठरू शकता. तिकडे लक्ष न देता, लहान कंपन्यांसाठी राखीव असलेले सेवा-कंत्राट घ्यावे आणि काम उचलून पुण्याला द्यावे. अशा कंत्राटात मिळणाऱ्या पैशाच्या निम्म्याहून अधिक रक्कम, आपल्यासारख्या लहान नसलेल्या उपकंत्राटदारांना देता येत नाही. मर्यादा ओलांडली तर दंड किमान पाच लाख डॉलर, किंवा वर खर्च झालेली रक्कम त्याहून मोठी असेल तर ती. हा आकडा भावाला कळवू नये, उगीच धास्तावेल.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एखादा कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर भेटलाच, तर ओळख वाढवावी, आणि दिवाळीला फराळाचा डबा, त्याबरोबर एक पैठणी आणि चांदीची समई पाठवून द्यावी. कामाच्या संबंधातून सरकारी नोकराला एका वेळी २० आणि एका कंपनीकडून वर्षभरात एकूण ५० डॉलरपर्यंतचीच भेट स्वीकारता येते. चिवडा त्यात बसेल, समई बसणार नाही. भेट परत आली तर आपला अपमान झाला असे समजावे. त्या माणसाने आपली नोकरी आणि आपली कंपनी दोन्ही वाचवली, असा विचार चुकूनही मनात आणू नये.

निविदा शेवटच्या दहा मिनिटांतच पाठवावी, कारण तिच्यावर शेवटचा हात फिरवण्याची आपल्याला हौस असते. वेळ म्हणजे वेळ, मिनिटभराचा उशीरही उशीरच, आणि मेल सरकारी सर्व्हरमध्ये अडकला तरी सोसायचे पाठवणाऱ्याने, असेच कंत्राटांवरच्या हरकती ऐकणारे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस सहसा मानते. निविदेतच काही अन्यायकारक अट दिसली, तर गप्प राहून हरल्यानंतर तक्रार करावी. ती मुदतीपूर्वीच करायची असते, हा त्यांचा नियम आहे, आपला नव्हे. निकालावरच्या हरकतीला साधारणपणे दहा दिवस, आणि जिंकलेली कंपनी मुळात लहानच नाही अशी हरकत घ्यायची तर कामकाजाचे पाचच दिवस मिळतात. हे दिवस नातेवाइकांचे सल्ले घेण्यात सहज निघून जातात.

राहता राहिली गुणपत्रिका. संरक्षण खात्याची संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या कंपनीला संगणक-सुरक्षेच्या ११० अपेक्षांवर स्वतःला गुण द्यावे लागतात. स्वतःच पेपर सोडवायचा आणि स्वतःच तपासायचा, अशी परीक्षा मराठी घरात जन्मलेल्या माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. त्याने पैकीच्या पैकी घेतले नाहीत तर आईवडिलांना काय तोंड दाखवायचे? गुण शून्याच्या खाली, उणे २०३ पर्यंत, जाऊ शकतात, हे तेवढे ध्यानात ठेवावे. मॅसॅच्युसेट्समधील एका कंपनीने स्वतःला १०४ गुण दिले होते. बाहेरच्या सल्लागाराने मोजले, तेव्हा ते उणे १४२ निघाले. २०२५ मध्ये ते प्रकरण ४६ लाख डॉलर भरून मिटवावे लागले.

तो पैसा ज्या कायद्याखाली गेला, तो फॉल्स क्लेम्स ॲक्ट १८६३ चा, म्हणजे लिंकनच्या काळातला आहे. त्यात सरकारच्या नुकसानीची तिप्पट वसुली आहे, शिवाय प्रत्येक खोट्या देयकामागे वेगळा दंड. आपण लहान नसताना लहान म्हणून कंत्राट घेतले असेल, तर २०१० च्या कायद्याप्रमाणे त्या कंत्राटावर सरकारने दिलेली सगळीच रक्कम नुकसान म्हणून गृहीत धरता येते. काम चोख केले होते, हे सांगून फारसा उपयोग होत नाही. खोटेपणाची खबर सरकारच्या वतीने दावा लावून देणाऱ्या खासगी माणसाला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मिळतो, आणि असा माणूस बऱ्याचदा कंपनीतलाच निघतो. म्हणून सौभाग्यवतींच्या सह्या कोण आणते, पुण्याला पैसे कसे जातात आणि ११० गुण कोणी भरले, हे सगळे ज्या हिशेबनिसाला पाठ आहे, त्याची पगारवाढ यंदाही पुढे ढकलावी, आणि त्याने वर तोंड करून विचारलेच, तर धंद्यात सध्या मंदी आहे, असे त्याला शांतपणे सांगावे.