आग विझली, पाणी कुठे गेलं?

नाणार झालं, बारसू झालं. रिफायनरीच्या विरोधकांचा भर आंबा-मासळीवर, समर्थकांचा रोजगारावर. इथे ऱ्हाईनकाठी राहून तो वाद वाचताना एक उणीव फार सलते: लोटे, महाड, रोह्याला आज उभ्या असलेल्या रासायनिक कारखान्यांत आग लागली, तर ती विझवायला मारलेलं पाणी कुठे जाणार?

इथे हा प्रश्न १ नोव्हेंबर १९८६ ला उभा राहिला. स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामात सुमारे १,३५० टन रसायनं होती, त्यांत बरीचशी कीटकनाशकं. बंबांचं पाणी ते विष घेऊन नदीत उतरलं. ऱ्हाईन लाल झाली, ईल मासे ढिगाने मेले, पार नेदरलँड्सपर्यंत पिण्यासाठी पाणी उचलणं थांबवावं लागलं. त्यानंतर असं पाणी आवारातच अडवणाऱ्या टाक्यांचा आग्रह सुरू झाला.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला ४,००० लिटर पाणी चार तास मारलं तर ९ लाख ६० हजार लिटर होतं. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. एक हेक्टर काँक्रीटच्या आवारावर तो १० लाख लिटर ओततो. म्हणजे नुसत्या बंबांच्या हिशेबाने बांधलेली टाकी आषाढात निम्मी ठरते. टाकी असूनही घात होतो तो दोन कारणांनी. ती पावसाने आधीच भरलेली असते, नाहीतर बाहेरच्या गटाराचा व्हॉल्व्ह पावसाळाभर उघडा ठेवलेला असतो. तो एरवी बंदच हवा, आणि साचलेलं पाणी तपासूनच सोडायला हवं. आगीत वीज जाते, म्हणून तो हाताने फिरवता आला पाहिजे.

ऱ्हाईन निदान एकाच दिशेने वाहते. लोट्याजवळच्या दाभोळच्या खाडीत भरती दिवसातून दोनदा पाणी मागे लोटते, त्यामुळे विष वर-खाली फिरत राहतं. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, तर पाणी हलतंच कमी. गाळाला चिकटलेलं तिवरांच्या मुळाशी बसतं. मासा पळू शकतो, पण कालवं जागची हलत नाहीत आणि पाणी गाळूनच जगतात. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, सांडलेलं जांभ्यातून झिरपत खालच्या विहिरींत येतं. म्हणून एका बाटलीभर नमुन्यावर 'पाणी ठीक' म्हणणं मला मान्य नाही. भरतीला वेगळा, ओहोटीला वेगळा, गाळाचा निराळा नमुना हवा, आणि तोही आठवडाभर रोज.

धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत मोठ्या साठ्यांसाठी कारखान्याबाहेरचा आपत्ती आराखडा आणि आसपासच्या लोकांना माहिती देणं आहेच. ग्रामसभेने तेवढ्यावर न थांबता विचारावं: टाकी किती लिटरची, आज किती रिकामी, व्हॉल्व्ह कुठे आहे आणि रात्रपाळीला तो बंद करायची जबाबदारी कोणावर?