भट्टीचं बिऱ्हाड

भट्टी उचलती असावी ही अट माझी नव्हती, बायकोची होती. "लोहारकी करायचीच असेल तर करा, पण पाहुणे आले की ते धूड डोळ्यांपुढं दिसता कामा नये," एवढं बोलून ती शेंगा फोडायला बसली.

मी लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला दाद देईनासं होतं आणि १५३८ अंशांना वितळतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण उभ्या आयुष्यात एक खिळा तापवून वाकवला नव्हता. बाजारातून आणलेलं खुरपं तिसऱ्या दिवशी दुमडलं, त्याच रात्री मोबाईलवर कुणीतरी ट्रकच्या ब्रेक ड्रममध्ये कोळसा पेटवून लोखंड तापवताना दिसलं, आणि मला वाटलं, हे तर आपल्याच विषयातलं आहे. आधीच उल्हास, त्यात उन्हाळ्याची सुट्टी.

भंगारवाल्यानं ड्रम काट्यावर ठेवला. त्रेचाळीस किलो. मी 'उचलती' हा शब्द मनातल्या मनात एकदा उच्चारून पाहिला आणि पैसे दिले. ऐरणीसाठी त्यानं इकडंतिकडं बघत पोत्याखालचा रुळाचा तुकडा दाखवला. "बावन्नचा हाय सर, घेऊन टाका." म्हणजे मीटरला बावन्न किलो. मोह फार झाला. पण रेल्वेचा माल बेकायदा बाळगणाऱ्यांसाठी १९६६ सालचा कायदा आहे, आणि बारावीचा सर रुळासकट सापडला असता तर लातुरातल्या क्लासवाल्यांनी चौकाचौकात फ्लेक्स लावले असते. शेवटी जुन्या घणाचं तोंड बाभळीच्या ओंडक्यात उभं रोवलं आणि त्यालाच ऐरण केलं. जन्मभर मार दिलास, आता खा.

पुढचं काम सोपं. ड्रमच्या बुडाच्या भोकावर जाळी, जाळीखाली इंग्रजी टी अक्षरासारखा पाइप, बाजूनं हवा आत आणि खालून राख बाहेर. मी नळाच्या दुकानातून जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत जीआय पाइप आणला. वेल्डिंगवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. बारावीला दोनदा नापास. त्यानं पाइप बघून हात आखडता घेतला. "सर, ह्यो नका वापरू. तापला की जस्ताचा धूर निघतो, रातच्याला थंडीताप भरतो. काळा पाइप आणा." जस्त ९०७ अंशांना उकळतं हे त्याला मीच शिकवलं असणार. की नसेल? मी गुपचूप काळा पाइप आणला. त्यानं अँगलचा स्टँड केला, दोन बाजूंना दोन कड्या लावल्या आणि पैसे घेतले नाहीत, ते मला जास्त लागलं.

कड्या लावल्या म्हणून वस्तू उचलती होत नाही, हे मला घरी आल्यावर कळलं.

आतून मातीचा लेप द्यायचा होता. मी शेतातली काळीभोर माती कालवून चांगली दोन बोटं जाड थापली आणि उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये मे महिन्यातलं आमचं अख्खं रान तयार! भेगांत बोट जाईल एवढ्या. आई काठी टेकत आली. "काळ्या मातीची चूल कुणाच्या घरी बघितलीस रं? ती भिजली की फुगती, वाळली की तडकती. पांढरी आण. भुसा घाल, राख घाल, शेण घाल. आन् हाताला पाणी लावून सारव, सिमेंट थापल्यागत बदडू नको." तिनं स्वतः दोन हात फिरवून दाखवले. तो तेवढा भाग आजही तडकलेला नाही. बाकीचा माझा.

कोळशाचंही असंच. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, दगडी कोळसा औषधाला सापडायचा नाही. परळीच्या वीज केंद्रासाठी तो रेल्वेच्या वाघिणी भरभरून येतो, पण 'त्यातला एक पोतं द्या' असं म्हणायला खिडकी नाही. इस्त्रीवाल्याकडून लोणारी कोळसा घेतला, तो भट्टीनं एका संध्याकाळीत खाऊन टाकला. मग ओळखीच्या वीटभट्टीवरून अर्धं पोतं दगडी कोळसा मिळाला.

आता भट्टी मांडायची कुठं? गच्चीवर. गल्लीतली तीन पोरं आणि मी, असे चौघांनी जिन्यातून ती वर चढवली, जिन्याच्या दोन फरश्यांचे कोपरे वाटेत ठेवले. भाता म्हणून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर थंड हवेवर लावला. नव्या दगडी कोळशातला वायू जळून जाईपर्यंत तो पिवळट, दाट धूर सोडतो. हा धूर थेट कुरडयांवर गेला.

तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, आईनं आणि बायकोनं पहाटे चारला उठून घातलेल्या त्या कुरडया. जुन्या पांढऱ्या धोतरावर ओळीनं मांडलेल्या. मी घाबरून ड्रायर वाढवला, म्हणजे धूर लवकर संपेल. धूर संपला आणि ठिणग्या सुरू झाल्या. धोतराला चाळण पडली. त्या वर्षीच्या कुरडया तळल्या की अजून एक वास येतो. पाहुणे विचारतात, मसाला कोणता?

भट्टी खाली आली. अंगणात.

अंगणात मी पहिल्यांदा सळई पांढरीफट्ट होईपर्यंत तापवली. बाहेर काढली तर फुलबाजीसारखी तडतडत होती. मला वाटलं, यश. ते लोखंड जळत होतं. टोक गळून बुटावर पडलं. त्यानंतर नारिंगी रंगाला थांबायला शिकलो, एक आकडा जमला, तो आईनं कंदिलासाठी मागून घेतला आणि मी चढलो. जीपच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा मिळवून खुरपं घडवलं. आठ दिवस गेले. चुंबक चिकटेनासं झालं तसं ते लालभडक खुरपं कडक व्हावं म्हणून भरल्या बादलीत सबंध बुडवलं. चर्र! काय तो आवाज! मग सहज फरशीवर आपटून बघितलं. टिंग. दोन तुकडे.

बायको बादलीकडं बघत होती. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. "२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव हे. आणि तुम्ही लोखंडाला पाणी पाजायलाव?"

"कमानीच्या पोलादाला खरं तर तेल लागतं," मी म्हणालो. "चारेक लिटर करडईचं असतं तर..."

ती काही बोलली नाही. संध्याकाळी भट्टी फाटकाबाहेर होती. कुणी हलवली ते आजतागायत कळलेलं नाही, पण तिला हलवायला चार माणसं लागतात हा माझा समज त्या दिवशी मोडला.

फाटकाबाहेर शेजारच्या मामांची गाडी उभी असते, तीही पांढरी. दोन दिवसांत तिथूनही बिऱ्हाड उठलं. छोटा हत्ती सांगितला आणि भट्टी औशाकडं, भावाच्या शेतात नेली. भाडं आठशे. शेतात दिवसा लाइट नसते, म्हणून ड्रायरचा प्रश्न आपोआप मिटला. हातानं फिरवायचा पंखा घेतला, आणि खरं सांगतो, तोच बरा. हवा आपल्या हाताच्या कह्यात राहते. दुसरं खुरपं तिथंच घडलं. त्याला पाणी द्यायच्या बेतात असताना भाऊ रानातून पळत आला. वाऱ्यानं ठिणगी कडब्याच्या गंजीकडं चालली होती. "दादा, तुझ्या पाया पडतो," तो म्हणाला, "जनावरं उपाशी मरतील." तो लहान भाऊ असल्यानं एवढंच म्हणाला.

पुन्हा छोटा हत्ती. पुन्हा आठशे.

वाटेत आठवडी बाजार भरला होता, टेम्पो अडकला. रस्त्याच्या कडेला घिसाड्याचं पाल होतं. मृगाच्या तोंडावर ही माणसं विळे-खुरपी, फाळ, पास शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार लावून, द्यायला गावोगाव येतात. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसा. सायकलच्या चाकावर पट्टा चढवून केलेला पंखा एक पोरगी फिरवत होती. बाप सांडशीत फाळ धरून बसलेला आणि आई उभी राहून घण घालत होती, एकाच ठेक्यात, घामाची धार तशीच वाहू देत.

मी माझं खुरपं घेऊन उतरलो. बाईनं घण खाली टेकवला आणि टेम्पोकडं बघितलं.

"काय हाय ते, सायेब?"

"भट्टी."

"आन् उचलायला?"

"चार माणसं."

तिनं आपल्या खड्ड्याकडं एकदा बघितलं. "आमची उचलावंच लागत नाही. हितंच ऱ्हाती. उद्या फुडच्या गावात दुसरी."

नवऱ्यानं खुरपं उलटसुलट केलं, हसला नाही, एवढी त्याची कृपा. निखाऱ्यात सारलं. मी खिशातून चुंबक काढलं, त्यानं मान हलवली. रंग बघत राहिला, काढलं, दोन टोल्यांत पाठ सरळ केली, पुन्हा तापवलं आणि नुसती धार, बोटाच्या पेराएवढी, पाण्यात टेकवून वर घेतली. मागच्या तापानं धारेवरचा रंग हळूहळू पालटत गेला, तसं पुन्हा बुडवलं. पन्नास रुपये. त्या खुरप्यानं आई आजही तुळशीचं आळं उकरते.

निघताना मी त्याच्या पाण्याकडं बघितलं. तेलाचं एक चेपलेलं डबडं होतं, लिटरभराचं, तेही अर्धं. सकाळपासून तेवढंच पाणी वापरत होता. हे मी घरी सांगितलेलं नाही.