गाडीला थंडी वाजते

"पातेल्यात काय शिजतंय?" बायकोने विचारलं.

"185 नंबर," मी म्हणालो.

तिने झाकण काढून पाहिलं. आत नुसतं गढूळ पाणी होतं आणि त्यावर एक वाळकं पान तरंगत होतं. चौदा वर्षांच्या संसारात तिने माझे बरेच प्रयोग सोसले आहेत, पण घरामागचा बर्फ फावड्याने भरून आणून शेगडीवर चढवलेला ती पहिल्यांदाच पाहत होती. शिवाय पातेलं बासुंदीचं होतं.

खुलासा करतो. आम्ही राहतो अमेरिकेत, मिनेसोटात. इथला हिवाळा आपल्याकडच्या पाहुण्यांसारखा असतो. नोव्हेंबरात येतो, मार्चमध्ये "निघतो आता" म्हणतो आणि एप्रिल उजाडला तरी दारात उभा राहून बोलतच असतो. या राज्यात टॉवर नावाचं एक गाव आहे, तिथे 2 फेब्रुवारी 1996 रोजी पारा उणे 51 अंश सेल्सियसवर गेला होता. अशा मुलखात शहाण्या माणसाने खिडकीशी बसून कांदाभजी खावीत. मी मात्र जुलै महिन्यात, अंगात टी-शर्ट असताना, एक सेकंडहँड डर्ट बाइक घेतली. जपानी, 250 सीसी, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी. विकणारा म्हणाला, "थोडं ट्यूनिंग केलंत की बर्फावरसुद्धा मस्त पळेल." पुढचे पाच महिने मी त्या 'थोडं'चा अर्थ शोधण्यात घालवले.

टू-स्ट्रोक म्हटलं की माझी विवेकबुद्धी रजेवर जाते. त्याला कारण अण्णा, माझे वडील. साताऱ्यात आमच्याकडे राजदूत मोटरसायकल होती, 175 सीसी. पंपावर आधी टू-टी ऑइल, मग पेट्रोल, मग गाडी आडवी-उभी हलवायची, आणि मग मी टाकीवर बसायचं, हा आमचा रविवार. त्या निळ्या धुराचा वास आला की मी आजही सहा वर्षांचा होतो. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते दिसतंच."

बर्फावर बाइक चालवायचा एक रीतसर मार्ग आहे. पुढचं चाक काढून तिथे स्की बसवायची आणि मागचं चाक काढून तिथे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा. असे तयार संच मिळतात. किंमत ऐकून मी गप्प बसलो, पण बायकोने हिशोब मांडलाच. "म्हणजे गाडीची दोन्ही चाकं काढून टाकायची, आणि वर गाडीपेक्षा जास्त पैसे द्यायचे?" या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग दुसरा मार्ग, गरिबाचा. टायरला स्क्रू मारायचे. गोठलेल्या तळ्यांवर इथे मोटरसायकलींच्या शर्यती होतात, त्यांचे टायर साळिंदरासारखे दिसतात. आपल्याकडे ज्याला बटण टायर म्हणतात, त्याच्या एकेका बटणात आखूड पत्र्याचा स्क्रू पिळायचा. बर्फात रुततं ते स्क्रूचं टोक नव्हे, डोकं. डोक्याची धारदार कड बर्फाला चावते. मी मागच्या टायरला 300 आणि पुढच्याला 200 स्क्रू मारले. रोज जेवण झाल्यावर गराजमध्ये बसायचं आणि ड्रिलने गर्रर करायचं. तिसऱ्या रात्री मुलीने विचारलं, "बाबा, हे तुला ऑफिसने दिलंय का करायला?"

पाचशेपैकी चारशे शहाण्णव स्क्रू बरोबर मापाचे होते. उरलेले चार दुसऱ्या डब्यातले निघाले, किंचित लांब. किंचित म्हणजे ट्यूबपर्यंत. हवा भरली तेव्हा टायरने चार वेगवेगळ्या सुरांत सुस्कारा सोडला. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवावी म्हणून रात्री बादली भरून ठेवली, तर सकाळी बादलीच्या आकाराचा बर्फ तयार. मग ट्यूब आणि मी दोघेही बाथरूमच्या टबात.

हे सगळं आमच्या शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून पाहत होते. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, जन्म इथलाच, आणि हिवाळाभर एकाच जाकिटात. त्यांच्या दृष्टीने बर्फावर जायला वाहन एकच, स्नोमोबाइल, पुढे स्की आणि मागे पट्टा असलेली गाडी. ते बरोबरही आहे. स्नोमोबाइल बनवणारी पोलारिस कंपनी याच राज्यात रोझो नावाच्या गावात 1954 मध्ये निघाली. स्नोमोबाइलच्या माहेरी येऊन मी दोन चाकांची गाडी बर्फावर न्यायची म्हणत होतो, म्हणजे कोल्हापुरात जाऊन सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करायला घेतल्यासारखं. आजोबांनी टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वेगळंच आहे." मिनेसोटात 'वेगळंच आहे' म्हणजे काय ते मला दहा वर्षांनी कळलं. आपल्याकडे कवितावाचन संपल्यावर अध्यक्ष म्हणतात ना, "धाडसी प्रयत्न आहे", तेच.

खरा खेळ गाडी चालू करण्याचा. डिसेंबरातला शनिवार, सकाळचे नऊ, उणे एकोणीस. गराजमध्ये गाडी चालू करायला बंदी, कारण टू-स्ट्रोकचा धूर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरला होता. म्हणून मागच्या अंगणात. गिअरबॉक्समधल्या ऑइलची घट्ट काकवी झालेली. चोक ओढला, किक मारली. चाळीस किका. अंगातला जाड कोट काढला. आणखी वीस किका. स्वेटर काढला. उणे एकोणीसमध्ये मी बनियनवर आलो आणि गाडी चालू झाली.

चालू झाली, पण भलतीच. ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येईना. एकदम पिळला तर गुदमरायची, मग अचानक किंचाळायची. मी साताऱ्याला व्हिडिओ फोन लावला. तिथे रात्रीचे साडेआठ, अण्णांचं जेवण झालेलं.

"आवाज ऐकव," अण्णा म्हणाले.

मी फोन गाडीजवळ धरला. अण्णांनी डोळे मिटले. गाण्याच्या बैठकीत मिटतात तसे.

"पेट्रोल कमी पडतंय तिला. हवा जास्त खातेय."

"पण अण्णा, उन्हाळ्यात तर नीट होती."

"तेव्हा हवा पातळ होती. आता दाट झालीय. ताक घट्ट झालं तर मीठ तेवढंच टाकून चालतं का?"

अण्णांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठलं की पेपरात फोटो येतो, तो त्यांचा बर्फ. पण मी हिशोब करून पाहिला. तीस अंशांवरून उणे वीसवर आलो की तेवढ्याच जागेत जवळजवळ एक पंचमांश हवा जास्त मावते. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर बिचारा जुन्या काळातला, त्याला कॉम्प्युटर नाही. हवा वाढली म्हणून पेट्रोल आपणहून पुरेसं वाढवावं, एवढी समज त्याला नाही. ते आपण वाढवायचं, म्हणजे जेट बदलायचा, पेट्रोल ज्या भोकातून जातं तो पितळी तुकडा. मी मध्येच शहाणपणा केला, म्हटलं, ऑइल थोडं जास्त घालू का, इंजिनाला बरं? अण्णा एकदम मास्तर झाले. "लिटरभर मिश्रणात ऑइल वाढवलंस म्हणजे पेट्रोल कमी केलंस. आधीच उपाशी आहे ती."

गाडीत होता 178 नंबरचा मेन जेट. मागवला 185. हे आकडे म्हणजे जेटच्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. दोघांत फरक सात शतांशांचा. माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते. त्या एका केसासाठी मी उणे एकवीसमध्ये, मागच्या अंगणात गुडघ्यांवर बसलो होतो.

हातमोजे घालून जेट धरता येत नाही. हातमोजे काढले तर पितळ बोटाला चिकटतं. मधला मार्ग म्हणून मी एका हातातला मोजा काढून दर वीस सेकंदांनी तो हात काखेत घालत होतो. कार्बोरेटर आडवा केला, खालची वाटी काढली, जुना जेट सोडवून खिशात टाकला. नवा चिमटीत धरला. हरभऱ्याच्या डाळीएवढा, पिवळा, षट्कोनी. त्यावरचा नंबर वाचायला भिंग लागतं. मी तो नेमक्या जागी नेला, आणि बोटांना काही कळेनासं झालं. म्हणजे जेट बोटांत आहे की नाही, हेच कळेना. खाली पाहिलं तर नव्हता. बर्फात सुईने टोचावं तेवढं एक भोक मात्र दिसत होतं.

लोहचुंबक आणला. पितळ लोहचुंबकाला भीक घालत नाही. पिठाची चाळणी आणली. बर्फ चाळला जात नाही, चाळणीत गोळा होऊन बसतो. शेवटी ते भोक मध्ये धरून भोवतालचा दोन फूट बर्फ फावड्याने उचलला आणि शेगडीवर नेला. उरलेलं तुम्हाला माहीत आहे. तळाशी वाळू, पानाचे देठ, मुलीची हरवलेली केसांची पिन, आणि सोन्याच्या फुलीसारखा चमकणारा आमचा 185. जुना जेट बायकोने माझ्या खिशातून काढून मसाल्याच्या डब्यात, मोहरीच्या शेजारी ठेवला. "इथे रोज नजर पडते," ती म्हणाली.

जेट बसला, कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली केली, म्हणजे सुई वर आणि पेट्रोल जास्त, आणि गाडीचा आवाज गोल झाला. मग कळलं की गाडीला थंडीच वाजतेय. या गाड्यांना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवून धरणारी झडप, नसतो, त्या शर्यतीच्या मैदानातल्या धुळीत तापून मरू नयेत म्हणून बनवलेल्या. इथे उलटं. रेडिएटर इतका मन लावून काम करी की इंजिन तापेचना. आजोबा घरात गेले आणि एक पुठ्ठा घेऊन आले. जुन्या ट्रकवाल्यांची युक्ती, रेडिएटर झाकायचा. मी पुठ्ठा मोजून कापला, पण तो दमट होऊन वाकला. मग आमच्याकडचा बासमतीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा लावला. आता गाडी समोरून येताना 'एक्स्ट्रा लाँग ग्रेन' असं वाचता येतं.

एअर फिल्टरचीही एक कथा आहे. तेलकट फोमचा फिल्टर धुळीसाठी उत्तम, पण भुरभुरा बर्फ त्यात शिरून काडीवरचा बर्फाचा गोळा होतो, फक्त कालाखट्टा ओतायचा बाकी. मी त्यावर चक्का टांगायचं मलमलचं फडकं बांधलं. ते भिजलं, गोठलं आणि गाडीचा श्वासच बंद झाला. शेवटी बर्फ झटकणाऱ्या बारीक जाळीचं तयार कव्हर घेतलं. फडकं बायकोने धुतलं नाही, टाकून दिलं, आणि त्या महिन्यात श्रीखंड झालं नाही.

आई रोज विचारायची, "मफलर आहे ना रे?" मी म्हणायचो, "आहे, ॲल्युमिनियमचा." तिला वाटायचं मी चेष्टा करतोय. अण्णा तिला मागून सांगायचे, "तो सायलेन्सरबद्दल बोलतोय." ती म्हणायची, "त्याला काय करायचंय सायलेन्सर, कान झाकेल का त्याने?"

जानेवारीत एका शनिवारी सगळं जमलं. आजोबांनी तळ्यावर गिरमिटाने भोक पाडून बर्फ मोजला. इथला सरकारी सल्ला असा की चालायला निदान चार इंच आणि स्नोमोबाइलला पाच ते सात इंच बर्फ हवा. आमचा चौदा भरला. तरी आजोबा म्हणाले, "मी काठावर थांबतो." गाडी चालू केली, अण्णा फोनवर होतेच. "लगेच पिळू नकोस. पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर नंतर. थंड सिलिंडरात तापलेला पिस्टन अडकला की सीझ. एकाच घरातले दोघं, पण एकाला तापायला वेळ लागतो." मी बायकोकडे पाहिलं नाही.

सिलिंडर हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो आणि निघालो. काय सांगू! पाचशे स्क्रू एका वेळी बर्फ चावतात, तेव्हा कुणीतरी प्रचंड मोठा कुरकुरीत पोह्यांचा पापड खातंय असा आवाज येतो. गाडी रस्त्यावर झुकणार नाही इतकी झुकते आणि सुटत नाही. मागे बर्फाची कारंजी. बर्फाला भोक पाडून मासे पकडणारे लोक तळ्यावरच्या आपापल्या खोपट्यांतून डोकी काढून पाहायला लागले. अकरा मिनिटं. मग गॉगलच्या आतून बर्फ धरला, अंगठे गेले, आणि मी अंदाजाने काठाकडे आलो. शेवटच्या सरळ पट्ट्यात पूर्ण पिळून इंजिन तसंच बंद केलं, प्लग काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

अण्णांनी चष्मा पुसला. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त.

"चॉकलेटी!" ते ओरडले. साताऱ्यात रात्री साडेदहाला. "अगं, चॉकलेटी आला बघ!" आईने प्लगकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "नाक लाल झालंय त्याचं."

पुढचा आठवडाभर ऑफिसात मी त्या प्लगचा फोटो दाखवत हिंडलो. दोन सहकाऱ्यांना रविवारी तळ्यावर यायचं आमंत्रणही देऊन टाकलं.

शनिवारी सकाळी पागोळ्यांच्या आवाजाने जाग आली. जानेवारीत इथे मधेच असा दोन-चार दिवसांचा उबारा येतो. बाहेर अधिक तीन. आजोबा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मी गाडी चालू केली तर ती खोकली, ढगभर धूर सोडून बसली आणि बंद पडली. प्लग काढला, काजळाच्या डबीसारखा. फोन लावला.

"आवाज ऐकवू का?"

"काही नको," अण्णा म्हणाले. "पाऱ्याचं ऐकलंय मी आईकडून. तो पुठ्ठा काढ आणि जुना जेट घाल परत. आणि परत थंडी पडली की परत 185."

मी स्वयंपाकघरात येऊन मसाल्याचा डबा उघडला, मोहरीशेजारचा 178 चिमटीत उचलला आणि दाराकडे वळलो. बायको पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

"पडला तर बासुंदीचं पातेलं घ्यायचं नाही," ती म्हणाली. "इडलीचं घे. खाली ओट्यात आहे."