चिखलाची सायकल पंपाखाली धरू नका

पावसाळा लागला की साताऱ्यातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास वर येतो. मजकूर थोडक्यात असा: 'माउंटन बाइक चिखलात माखली तर घरी घासत बसू नका. वॉशिंग सेंटरवर न्या, गाड्या धुतात त्या पंपाने पाच मिनिटांत लखलखीत होते. चेनवर डिझेल ओता, पुसा, वरून डब्ल्यूडी-४०चा फवारा मारा, वेगळं तेल लागत नाही. डिस्क ब्रेक किंचाळत असेल तर त्यावरही थोडा मारा. मग सायकल कडक उन्हात ठेवा.' नवी सायकल घेतलेली पोरं हे जसंच्या तसं करतात. यातल्या बहुतेक गोष्टींनी सायकलीचं नुकसान होतं, आणि एक गोष्ट यवतेश्वरच्या घाटात जिवावर बेतू शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पंप. 'मोटारसायकल त्याच पंपाने धुतात, मग सायकलीला काय धाड भरलीय?' हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो. सायकल हलकी राहावी म्हणून तिची बेअरिंगं लहान असतात आणि त्यांच्यावरची रबरी सीलं पातळ. पावसाचे शिंतोडे आणि चाकाने उडवलेलं पाणी ती अडवतात. जवळून मारलेली जोरदार धार मात्र सीलच्या कडेने आत घुसते आणि जाताना बारीक माती घेऊन जाते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. दोन्ही चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, पेडलच्या दांड्यांमधला बॉटम ब्रॅकेट, हँडलखालचा हेडसेट, मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, म्हणजे कॅसेटच्या, पोटातलं फ्रीहब, मागे सस्पेन्शन असेल तर त्याचा प्रत्येक सांधा, या सगळ्या जागा धोक्यात येतात.

माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात जवळजवळ दर रविवारी अशीच सायकल धुऊन आणली. गणपतीपर्यंत काही जाणवलं नाही. दसऱ्याच्या सुमारास मागचं चाक हाताने फिरवलं की जात्यासारखी घरघर यायला लागली. 'मामा, जरा बघता का?' म्हणून तो सायकल घेऊन आला, आणि मी हब उघडला. आतलं ग्रीस चहासारखं तपकिरी आणि पातळ होऊन ओघळत होतं. चिमटीत धरून चोळलं तर कचकच लागत होती. गोळ्यांवर तांबेरा चढला होता, आणि ज्या कपात त्या फिरतात त्यात बारीक खड्डे पडले होते. गोळ्या बदलता येतात. कपाला खड्डे पडले की बहुतेक वेळा हबच नवा घ्यावा लागतो, म्हणजे चाक पुन्हा विणणं आलं. धुतलं जूनमध्ये आणि बिघाड दिसला ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे दोष पंपाकडे जातच नाही. सायकलच हलक्या प्रतीची होती म्हणून लोक मोकळे होतात.

शर्यतीच्या संघांचे मेकॅनिकही प्रेशर वॉशर वापरतात, असं उत्तर मिळतं. वापरतात, हे खरं आहे. पण ते लांबून धरतात, बेअरिंगं चुकवतात, आणि त्यांच्याकडे सायकल वरचेवर उघडून ग्रीस बदललं जातं. आपल्यापैकी कोण दर पंधरा दिवसांनी हब उघडतं?

घरी धुवायला दोन बादल्या पाणी, दोन ब्रश आणि थोडी जुनी फडकी पुरतात. फक्त कुठला चिखल आहे ते बघून हात चालवायचा. संगम माहुलीच्या बाजूला उसातल्या पाणंदीतून आलात तर काळी माती असते. ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये लिंपल्यासारखी बसते आणि वाळली की दगड होते. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलीत तर रंग जातो. ओली असतानाच लाकडी काडीने मोठे गोळे काढा, मग पाणी ओतून दहा मिनिटं भिजू द्या. कासच्या बाजूची तांबडी, जांभ्याची माती वेगळी. ती लवकर निघते, पण तिच्यातली कच बोटाला जाणवते. ती कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका, फ्रेमवर ओरखडे उठतात. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर तर मुळीच नाही, कारण तिथला ओरखडा पुढे सील खातो. त्यांना भरपूर ओलं, मऊ फडकं लावायचं.

बागेला पाणी मारायचा हातपंप असेल तर त्याची हलकी धार उत्तम. शेतात औषध मारलेला पंप मात्र वापरू नका, धुतलेला असला तरी. कपड्यांची पावडरही नको. तिच्यात सोडा असतो आणि सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो. गाडीचा शाम्पू बरा.

दुसरा मुद्दा डिझेलचा. यात निम्मं तथ्य आहे. रॉकेल किंवा डिझेल चेनमधला जुना काळा चिकटा सोडवतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक सायकल दुकानदाराला माहीत आहे. पण दुकानदार चेन काढून डब्यात बुडवतो. सायकलीवर असतानाच वरून ओतलंत तर ते कॅसेटमधून फ्रीहबमध्ये उतरतं आणि तिथलं ग्रीस धुऊन नेतं. शिवाय डिझेलचा तेलकट थर मागे राहतो आणि पुढच्या फेरीची सगळी धूळ गोळा करतो. चेन काढणार असाल तर बुडवा, ब्रशने घासा, पुसून पूर्ण वाळू द्या. उरलेलं काळं डिझेल गटारात ओतू नका. पेट्रोल वापरायचा विचारही नको, घरात त्याची वाफ पेट घेते.

तिसरं, डब्ल्यूडी-४०. नावातच उत्तर आहे. डब्ल्यू आणि डी ही 'पाणी हटवणं' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते तयार झालं, धातूवर गंज चढू नये म्हणून. निळ्या-पिवळ्या डब्यातला तो फवारा ओल्या चेनमधलं पाणी हटवायला चांगला आहे. पण तो इतका पातळ की चेनवर दाब आला की टिकत नाही. फवारा मारून पुसून घ्या आणि मग चेनचं खरं तेल घाला. पावसाळ्यात ओल्या हवेसाठीचं जाड तेल, प्रत्येक रोलरवर, म्हणजे कडीमधल्या फिरत्या नळीवर, एकच थेंब. पेडल उलटं फिरवत राहा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर राहिलं की त्याचा चिखल होतो.

चेन किती झिजली ते घरच्या स्टीलच्या पट्टीने कळतं. पट्टीचं शून्य चेनच्या एका पिनच्या मध्यावर धरा, बारा इंचांवर दुसरी पिन बरोब्बर पट्टीच्या खुणेवर यायला हवी. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे गेली तर कॅसेटचे दातही बहुधा गेले.

उन्हाबद्दल थोडकंच. साताऱ्याच्या जुलैत कडक ऊन मिळतंय कुठं? सायकल दोनदा आपटून पाणी झाडा, फडक्याने पुसा, वाऱ्याला उभी करा.

आता डिस्क. याच वाक्यासाठी मी लिहायला बसलो. डिस्क ब्रेक घर्षणावर चालतो. रोटर, म्हणजे ती भोकाभोकांची पातळ चकती, आणि पॅड यांच्यामध्ये तेलाचा थेंब गेला की पॅड ते शोषून घेतात. घरासमोरच्या सपाट गल्लीत फरक कळतही नाही. यवतेश्वरहून समर्थ मंदिराकडे उतरताना, ओला रस्ता, वळणावर समोरून गाडी, अशा वेळी लिव्हर पूर्ण दाबली तरी सायकल थांबत नाही. आवाज बहुतेक वेळा ओल्यामुळे, मातीच्या कणांमुळे किंवा आधीच लागलेल्या तेलामुळे येतो. तो तेलाने घालवायचा नसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं, ते स्वच्छ फडक्यावर घेऊन रोटर पुसा. चेनचं फडकं आणि डिस्कचं फडकं कधी एक करू नका. चेनवर काही फवारताना मागच्या रोटरवर प्लॅस्टिकची पिशवी घाला. धुऊन झाल्यावर गल्लीतच पाच-सहा वेळा वेग घेऊन ब्रेक दाबून बघा.

ज्यांनी तो मेसेज वाचून आधीच फवारा मारलाय, त्यांनी रोटर अल्कोहोलने पुसावा आणि पॅड नवे घ्यावेत. जुने पॅड काचकागदावर घासून किंवा गॅसवर भाजून परत लावता येतात, असं सांगणारे भेटतील. त्या पॅडांवर घाट उतरू नका.